आजोबांचा तिसरा कौल

शानकेंग,
१४ मार्च

चि. आ-श्या हिस,

आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर टपालखर्चात धर.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून पत्र. टपालवाल्याला बंद करायची सोय अजून निघालेली नाही. इकडे सगळं ठीक. माझं नूडल्सचं दुकान चालतं, गुडघे चालत नाहीत. परवा आपल्या गावदेवाचा, भूमीआजोबांचा वाढदिवस झाला. के काकांनी अध्यक्ष म्हणून भाषण केलं, नव्या कवळीसकट. भाषण इतकं लांबलं की आजोबांच्या दीर्घायुष्यासाठी केलेल्या माझ्या नूडल्सचा वाडग्यात लगदा झाला. आजोबा मातीचे, म्हणून बसून राहिले. आम्हांला पर्याय नव्हता.

देवळाच्या फंडात आता जिल्हा कचेरीही पैसे घालते. गावातल्या धंद्याला तीन लाख, त्यातले एक लाख परत करायचेच नाहीत. पण आधी अर्ज, मग अकरा झेरॉक्स, मग आमच्या समितीची छाननी, आणि त्यानंतर सोळाव्या तिथीला आजोबांपुढे दोन लाकडी ठोकळे टाकून कौल. कचेरीच्या साहेबांना कळावं म्हणून फॉर्मच्या मागे छापलंसुद्धा आहे: 'एक ठोकळा उताणा, एक पालथा – मंजूर. दोन्ही पालथे – नामंजूर. दोन्ही उताणे – देव हसले, पुढील वर्षी यावे. तीन मंजुऱ्या लागोपाठ आवश्यक.' खाली शिक्का. आजोबांची सही तेवढी राहिली.

आता मुद्दा. काल छाननीच्या गठ्ठ्यात सातवा अर्ज निघाला तो तुझ्या पेइ-यूनचा. बांबू चिरायचं यंत्र घ्यायचंय, बाबांची मागची शेड उघडून मोमो वाफवायच्या टोपल्या करायच्यात. मला कुणी कळवलं नाही. कळवावं असंही नाही म्हणा.

तू तिला थांबव. बावीस वर्षांची पोर, काऊश्युंगसारखं शहर सोडून या डोंगरात कशाला येते? बांबूच्या टोपल्या आता कोण घेतं? (ताइचुंगची तीन हॉटेलं घेतात, तिने त्यांची पत्रं जोडली आहेत. तरीपण.) शेडचं छप्पर गळतं. आणि मुख्य म्हणजे फॉर्मवर एक रकाना आहे, 'कुटुंबातील पूर्वीचे अर्ज व निकाल'. तिथे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलंय: 'आई, चौदा वर्षांपूर्वी, याच शेडसाठी. तिसऱ्या कौलाला देव हसले.' हे लिहायची काय गरज होती? रकाने सगळेच भरायचे असतात असं तिला कोणी शिकवलं? तूच शिकवलं असशील.

देव आहे, कधी हसतो, कधी नाही म्हणतो. तुझ्या आदल्या वर्षी मला स्वच्छ नाहीच म्हणाला होता की. मी काही गाव सोडलं नाही. जुना विषय उकरून काढण्यात कोणाचंच भलं नाही. तिला सांग, तिकडेच एखादी बँक पाहा.

छाननी सोमवारी आहे. त्याआधी तिने अर्ज मागे घेतला तर बरं.

ताई


शानकेंग,
१९ मार्च

आ-श्या,

मागचं पत्र फाडलं असशील तर चांगलं केलंस. हे मात्र शेवटपर्यंत वाच. मग फाड.

काल छाननी झाली. पेइ-यून सकाळच्या बसने आली. तुझी हनुवटी आणि बाबांची बोटं घेऊन आली आहे पोरगी. समितीपुढे तिने स्वतः विणलेली टोपली ठेवली. शेंगदाण्याच्या चिक्कीवाल्या आ-फेंग वहिनींनी ती उलटी करून, वास घेऊन, दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हातारा गेला असं वाटत नाही." मला वाटलं, झालं, सुटलो. तोच के काकांनी चष्मा लावला आणि तो रकाना काढला.

"पोरी, तुझ्या आईला आजोबांनी हसून परत पाठवलं होतं. ज्या घराला देव हसला, त्या घरात आम्ही देवाचा पैसा घालायचा?"

पेइ-यून म्हणाली, "आजोबा हसले म्हणजे त्यांना गंमत वाटली असेल. आईला नाही वाटली."

वहिनी खुदकन हसल्या. के काका नाही हसले. "जिभेने टोपल्या विणता येत नाहीत. आणि हे ऐकीव नाही हो. कौल वाचायला तुझी सख्खी मावशीच होती ठोकळ्यांपाशी. काय गं आ-थाव? सांग तिला काय पडलं होतं ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौदा वर्षांत हा प्रश्न मला असा समोरासमोर कोणी विचारला नव्हता. बाबांनी विचारला होता, पण तो निराळा. शेवटच्या आजारात ते म्हणायचे, "आजोबांनी का नाही दिलं गं तिला?" मी पेज भरवत म्हणायचे, "देवाचं देवाला ठाऊक." त्यांना ते पटायचं.

काल ते वाक्य तोंडापर्यंत आलं. पेइ-यूनने पेन उघडलं होतं, मी सांगेन ते लिहून घ्यायला.

मी म्हटलं, "एक उताणा होता. एक पालथा."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. के काका म्हणाले, "तुला कळतंय का तू काय बोलतेस?"

"कळतंय. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

तुला तो दिवस आठवत असेलच. पहिला होकार, दुसरा होकार, आणि तिसऱ्यांदा तू इतक्या जोरात टाकलेस की ठोकळे घसरत वेदीच्या पडद्याखाली गेले. मी वाकले. आत एक उताणा आणि एक पालथा होता. मी दोन्ही उचलून मुठीत धरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "हसले." मग लोकही हसले. ओठ आवळून तूही हसलीस.

का, ते लिहिते. फार मोठं कारण शोधू नकोस, नाही ते. आदल्या वर्षी मी दुकानाची भिंत पाडून चार टेबलं वाढवायला पैसे मागितले आणि आजोबांनी पहिल्याच फेकीला नाही म्हटलं. सगळ्या गावासमोर. आणि तू, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पोरीला हाताशी धरून परत आलेली, तुला लागोपाठ तीन होकार? पडद्याखाली वाकले तेव्हा मनात एवढंच होतं. विचार करायला वेळ मिळाला असता तर वेगळं वागले असते, असं पूर्वी स्वतःला सांगत होते. वेळ मिळाला होता. गुडघे तेव्हा चांगले होते, पण उठायला मला बराच वेळ लागला.

मला वाटलं, वर्षाचाच प्रश्न आहे. पुढच्या वर्षी पुन्हा टाकेल, पुन्हा मिळेल. तू आठव्या दिवशी बसमध्ये बसलीस आणि गोठवलेल्या मोमोच्या कारखान्यात उभी राहिलीस. मग दर वर्षी सांगणं थोडं थोडं महाग होत गेलं.

समितीची गंमत ऐक. मला वाटलं, मला समितीतून हाकलतील. हाकललंच, ते दोन मिनिटांत झालं. समितीवरून काढलं, आणि पुन्हा ठोकळ्यांना हात लावायचा नाही. मग अडीच तास वाद झाला तो यावर की तो कौल अजून चालू आहे की नाही. के काका म्हणाले, कचेरीच्या नियमात चौदा वर्षं बसत नाहीत. वहिनी कडाडल्या, "आजोबांनी हो म्हटलं ते कचेरीला विचारून म्हटलं होतं का? देवाचा शब्द काय टोफू आहे, आंबायला?" शेवटी ठरलं ते असं: होकार खरा, पण तो तुझ्या नावाचा. पोरीच्या नाही. सोमवारी, पंचवीस तारखेला, तू स्वतः ओळखपत्र घेऊन देवळाच्या कचेरीत यायचं आणि सही करायची. मग शेड पोरीने चालवली तरी चालेल. नाही आलीस तर कौल संपला आणि सातवा अर्जही त्याबरोबर बंद. त्या घराला पुन्हा मागता येणार नाही, असं के काकांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

बाहेर पडताना मी पेइ-यूनच्या मागे गेले. ती पायरीवर थांबली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. मी नाही सांगणार. हे तुमचं आहे."

मला 'तुम्ही' म्हणते ती. सख्ख्या मावशीला. बरोबरच आहे.

आणखी एक लिहायला हवं. मला क्षमा कर, असं मी दोनदा लिहून खोडलं. तुला इथे यायचं तर आधी मला क्षमा करावी लागेल, असं होऊ नये. सही कर, पैसे घे, शेडला छप्पर घाल, आणि माझ्या दुकानासमोरून तोंड फिरवून जा. रोज जा. मी खिडकीत उभी राहून बोलावणार नाही. टोपल्यांचा वास मात्र येईल इकडे, त्याला तुझा इलाज नाही.

पेइ-यून सोमवारी बसथांब्यावर उभी राहणार आहे. मी म्हटलं, "दहाच्या गाडीपर्यंत वाट बघ, मग घरी जा." ती म्हणाली, "शेवटच्या गाडीपर्यंत."

तुझी कोण, ते तू ठरव.

यूए-थाव