बेअरिंग कोरडं पडलंय

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.
बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बिघडला. बटण दाबलं की घुंऽऽ करतो, पाती हलत नाहीत. आमच्या बाथरूमला खिडकी नाही, त्यामुळे बायको, यशश्री, घाबरली. ओल साचली की तिचा दमा उसळतो. म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलाव. मी म्हटलं, बारा वर्षं सिस्टिम्स सांभाळतोय, एक पंखा होणार नाही? ती म्हणाली, त्या सॉफ्टवेअरच्या असतात. मी म्हटलं, तत्त्व एकच असतं.
आज संध्याकाळपर्यंत फॅन सुरू.

संध्याकाळी ६.४०.
चार व्हिडिओ पाहिले. निदान पक्कं: बेअरिंग कोरडं पडलंय. प्रत्यक्ष काम उद्या.

२ नोव्हेंबर, रविवार.
खुर्चीवर चढलो. चारपैकी तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं माझ्या हातून गुळगुळीत झालं, पण तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के. जाळी एका बाजूने लोंबकळते आहे, तेवढी चालते. मशीन ऑइल घरात नव्हतं, खोबरेल घातलं. नैसर्गिक.
अजून घुंऽऽच. तेल मुरायला वेळ लागतो. यशश्री खोकते आहे. बंगळूरची थंडी.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
यशश्रीने परस्पर शिवाप्पाला बोलावलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानात बसणारा इलेक्ट्रिशियन, मूळचा निपाणीचा. वर न चढताच म्हणाला, "मोटर गेलीया, सर. नवीन बसवूया. स्वल्प टाइम, अर्धा तास."
कशावरून, विचारलं. म्हणाला, जळका वास येतोय. तो खोबरेलाचा आहे, हे मी त्याला शांतपणे समजावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, "सरी, सर", म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला. व्हिडिओ न बघता धंदा करतात.

५ नोव्हेंबर, बुधवार.
छताला काळे ठिपके. यशश्रीने दोन वर्षांनी इनहेलर काढला. नाश्ता अर्धा टाकून खिडकीपाशी जाऊन बसली. मनाला फार लागलं.
ऑफिसला जाण्यापूर्वी आणखी दोन चमचे तेल घातलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री ८.१५.
दिवसभर महादेवपुऱ्याच्या ऑफिसात, रिलीज होती. दुपारी ऐन प्रेझेंटेशनमध्ये यशश्रीचा फोन. शिवाप्पा, फॅन, असं काहीतरी म्हणत होती. हो हो, म्हटलं आणि ठेवला.
घरी येऊन सवयीने बटण दाबलं. फॅन चालू! आवाज अजिबात नाही. तेल मुरलं! पाच मिनिटं खाली उभा राहिलो. तेलामुळे पात्यांचा पिवळटपणाही गेलाय, जाळी आपोआप जागेवर बसलीय. यशश्रीला हाक मारून दाखवला. म्हणाली, छान चालतोय. एवढंच. तिला कौतुक करायला जरा जड जातं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
खोकला जवळजवळ थांबला. काल टीमला सगळी प्रोसेस सांगितली. भार्गवीने विचारलं, किती तेल? सूक्ष्म प्रश्न. प्रमोशनसाठी तिचं नाव लक्षात ठेवणे.
लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती अंकल भेटले. त्यांचा फॅन खडखडतो. नको नको म्हणत होते. मी म्हटलं, अंकल, शेजारी कशाला असतात? उद्या अकराला.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.
मी गेलो तेव्हा अंकलांचा फॅन खडखडत का होईना, फिरत होता, हे नोंदवायला हवं. तेल घातल्यावर घुंऽऽ. म्हणजे योग्य दिशा. अंकलनी विचारलं, किती वेळ लागेल? माझ्याकडे चार दिवस लागले, म्हटलं. अंकल चौऱ्याहत्तर वर्षांचे. चार दिवस आंघोळीचं काय, असं त्यांच्या मिसेस विद्या आंटींनी आतून विचारलं. मी आणखी तेल ओतलं. फट्‌ असा आवाज झाला आणि अख्ख्या फ्लॅटची वीज गेली.
यशश्रीला फोन लावला. हात तेलकट, म्हणून स्पीकरवर. विचारलं, आपल्या फॅनला मी एकूण किती चमचे घातले होते?
ती म्हणाली, "अरे, आपला फॅन नवीन आहे. शिवाप्पाने गुरुवारी बसवला. तुला फोनवर विचारलं, तू हो म्हणालास."
मग नंतर का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "तू त्याच्याखाली उभा राहून इतका खूश होतास. मला सांगवेना."
कृष्णमूर्ती अंकल छताकडे बघत राहिले. मला वाटत होतं त्यांना मराठी येत नसेल. त्यांनी नोकरीची अकरा वर्षं सोलापुरात काढली आहेत.

संध्याकाळी ५.
शिवाप्पा आला. आधी वीज आणली, मग पिशवीतून नवीन फॅन काढला. मी पुढे झालो. शिडी धरतो म्हटलं. तो दोन पायऱ्या चढला, खाली वळून बघितलं, पुन्हा उतरला आणि अंकलशी कन्नडमध्ये काहीतरी बोलला.
शिडी अंकलनी धरली.