डॉक्टरीणबाईंचं बेसिन मी का घासलं

विसरभोळ्या घड्याळजी भावास, थोरल्या बहिणीचे पाठीत धपाटा घालून उरलेले आशीर्वाद.

तू मला विसरला असशील, म्हणून आधी ओळख सांगते. आईच्या पोटी तुझ्याआधी आली आणि तुला कडेवर वागवून जिची कंबर कायमची एका बाजूला गेली, ती मी. गावाची घड्याळं वेळेवर आणतोस आणि बहिणीच्या निरोपाला चार महिने उत्तर नाही! असो. गुडघे काय म्हणतात? भावजयीचा खोकला गेला का? पत्र सूनबाईच्या हातून लिहवते आहे. कंसात काही दिसलं तर ते तिचं. मला वाचता येत नाही याचा ती फायदा घेते. (घेत नाही. — सून) सगळं सविस्तर सांगणार आहे, त्याला कारण आहे. तेव्हा मधेच उठू नकोस.

माझं डोकं तुला माहीत आहे. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, सहा आठवडे मुक्कामाला येणारं दुखणं. रोज दुपारी दोनला हजर. डाव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई घालून ढवळावं तसं. डोळ्याला धार, तीही डाव्याच. नाक वाहतं तेही डावंच. तासाभरात जसं येतं तसं जातं आणि तीन वाजता मी चहा टाकते. एकोणीस वर्षं हे चाललं. बाळंतपणं चार झाली, ती या दुखण्यापुढे सहल होती.

दाताच्या डॉक्टरानं दोन दाढा काढल्या. चांगल्या होत्या, अजून डबीत आहेत. नाकाच्या डॉक्टरानं वाफ घ्यायला लावली. तोंड भाजलं, डोकं तसंच. डोळ्याच्या डॉक्टरानं समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा म्हटलं, मी म्हटलं येत नाहीत, त्यानं बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा दिला. (अक्षरओळख नाही हे त्यांनी सांगितलंच नाही. — सून) त्यानं विचारलंच नाही! चौथ्यानं मात्र हसून, ‘आजी, या वयात मन गुंतवा कशात तरी,’ असा सल्ला दिला. त्याच्या कानशिलात माझं मन गुंतवावं असं फार वाटलं, पण सूनबाईनं दंड धरला.

खरी चूक आमचीच होती. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आम्ही सकाळची वेळ घेणार. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, केस चापून मी पुढ्यात बसणार, टवटवीत. कोण विश्वास ठेवेल? घरातही तेच. खरंच डोकं दुखणारा माणूस अंधारात पडून राहतो म्हणे. मला पडवत नाही रे! बसवतही नाही. त्या तासात हातांना काही लागतंच, म्हणून मी भांडी घासते. त्या सहा आठवड्यांत आमच्या घरातली पातेली अशी चकाकतात की सूनबाईची आई एकदा पाहायला आली तेव्हा म्हणाली, ‘तुझ्या सासूबाईंची तब्येत बाकी छान आहे हो!’

या वर्षी मी ठरवलं. दुखणं डॉक्टरकडे नेता येत नसेल, तर डॉक्टरला दुखण्याच्या वेळेवर गाठायचं. मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, फार बोलत नाहीत अशी ख्याती. त्यांच्या दारावरची बाई म्हणाली, दोन ते तीन जेवणाची सुट्टी, चारला या. मी म्हटलं, बाई, चारला मी नुसती म्हातारी असते, पेशंट दोनला असते. आणि बाकावर ठाण मांडलं. सूनबाई लाजेनं भिंतीकडे तोंड करून बसली. (खरं आहे. — सून)

दोनला पाहुणा आला. मी उठले, चार फेऱ्या मारल्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन दिसलं, शेजारी घासणी. पुढचं मला नीट आठवत नाही. डॉक्टरीणबाई हातात डबा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी त्यांचा नळ घासत होते. त्यांनी डबा खाली ठेवला. माझा डोळा पाहिला, उतरलेली पापणी पाहिली, आणि एवढंच विचारलं, ‘आजी, रोज याच वेळी? आणि दुखताना अशाच फिरता?’ एकोणीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा. मी रडले, दोन्ही डोळ्यांनी.

तोंडाला मुखवटा लावून त्यांनी प्राणवायू सोडला. पंधरा मिनिटांत सळई निघाली. दुखण्याला नाव आहे म्हणाल्या, हे मन गुंतवून जात नाही. नंतर डोकं तपासून घेतलं, छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रोजच्या गोळ्या दिल्या. प्राणवायूचं नळकांडं आता घरातच असतं. आम्ही त्याला जावई म्हणतो: कोपऱ्यात नुसता उभा, पण वेळेला धावतो. म्हणजे खऱ्यापेक्षा एक गुण जास्तच. (हे खोडते म्हटलं, ऐकत नाहीत. — सून) दुखणं संपलं नाही, पुढच्या वर्षीही येईल. येऊ दे. आता आम्ही दोघं आहोत.

बाकी क्षेम. सगळ्यांना आशीर्वाद.

ता. क. फोनवर तू ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र, आजच्या गाडीनं हातोहात धाडलेलं. भावजय ते मोठ्यानं वाचते आहे ना? तसंच ठरलंय आमचं. तू रोज अकराला दुकानाची फळी लावून आत येरझाऱ्या घालतोस, तास झाला की लाल डोळा घेऊन बाहेर येतोस आणि दोष भिंगाला देतोस, हे तिनं मला सांगितलं. अरे, भिंग तू उजव्या डोळ्याला लावतोस, आणि पाणी डाव्यातून!

ता. क. दुसरा. ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं परवा तू तिला बोललास, तेही कळलं. तेच मी भिंतीला दोनदा बोललेय. म्हणून आज तुला सोडत नाही. एकटा दुकानात कोंडून घ्यायचं नाही, भावजयीला सोबत बसवायचं. उद्याच्या उद्या निघायचं. परवा अकराचीच वेळ घेतली आहे, दारावरची बाई आता माझी मैत्रीण झाली आहे. नाही आलास तर मी जावयाला गाडीत घालून तुझ्या दुकानात येईन.

ता. क. तिसरा. हे दिवस संपेपर्यंत संध्याकाळची बाटली बंद. दारूनं दुखणं हटकून उठतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा घरातल्या असतील तेवढ्या ओतून टाक, आणि माझ्यासाठी टोपलीभर अक्रोड पाठव. फोडून पाठव, दाढा डबीत आहेत.