टिटवी गेली

३ मार्च, सोमवार
टिटवी विकायची. ठरलं! अरुण चहा ओतता ओतता म्हणाला, "बोटीला घेणारी मिळालीय, वीणा." मी हो म्हटलं. इतकं सहज कसं म्हटलं, देव जाणे. मग दिवसभर पायाखाली लाटा. जयपूरच्या जवाहर नगरातलं पक्कं घर — आणि मी भिंतीला हात लावून चालतेय!

४ मार्च
एकदा नीट लिहून ठेवते, नाहीतर सगळं सरमिसळ होईल.
मी वेंगुर्ल्याची, वडिलांच्या होडीत वाढलेली. अरुण लातूरचा. पोहायलासुद्धा लग्नानंतर शिकला! त्याच्या रेल्वेच्या नोकरीनं आम्ही जयपूरला आलो, इथलेच झालो. त्यानं लवकर निवृत्ती घेतली आणि मी हट्टानं शिडाची बोट घ्यायला लावली. नाव मी ठेवलं. लोक म्हणाले, "टिटवी? अशुभ!" म्हटलं, पाण्याकाठी टिटवी नाही तर काय चिमणी राहणार? दिवाळी झाली की निघायचं, पावसाच्या आधी परतायचं. ओख्यापासून कोचीपर्यंत कितीतरी वर्षं. सुकाणू माझं, शीड अरुणचं.
मग दाभोळजवळ खडकावर आपटलो, तळ फाटला. इथे विश्वकर्मा भागात पवनजी फायबरच्या टाक्या बनवतात, अरुणचे दोस्त. बोट ट्रेलरवर घालून थेट जयपूरला आणली. तळ झकास झाला. पण तोवर अरुणला चक्कर सुरू झाली — कानातला तोल गेला. डॉक्टर म्हणाले, आता बोट विसरा. त्याच्याशिवाय मी जाणार नव्हते. टिटवी तेव्हापासून पाण्याच्या टाक्यांच्या रांगेत उभी आहे.

७ मार्च
दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला. खिडकीबाहेर देवगडच्या दीपगृहाचा दिवा दिसत होता. मी जागी होते की झोपेत? पडदा फुगला, विरला. अंगावर ते मिठाचं ओशट पाणी, गार. उठले तर कूलर.

९ मार्च, रविवार
आज ती आली. संपदा. जन्म जयपूरचाच, वडील रेल्वेत होते. मुंबईत नोकरी करताना शीड हाकायला शिकली. आता काम घरूनच, म्हणून नवऱ्याला घेऊन रत्नागिरीला राहायला चाललीय.
मी ठरवूनच गेले होते — ही आपल्याला आवडणार नाही.
"काकू, मतलब... मी वर चढू का?" असं म्हणून तिनं चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं! अनवाणी चढली, कठड्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ही जिद्दी आहे का?"
"वारा वाढला की डावीकडे ओढते. भांडायचं नाही. थोडं ओढू द्यायचं, मग येते आपणहून."
झालं. आवडली मला.

११ मार्च
अरुण शीळ घालतोय! कपडे वाळत घालताना, दाढी करताना. सुतक काय ते मला एकटीलाच.

१५ मार्च
आजचं आजच लिहून ठेवते.
संपदाला शीड बघायचं होतं म्हणून पवनजींच्या माणसांनी डोलकाठी उभी केली. मी सुकाणूला बसले, अरुणनं दोर ओढला. शीड वर गेलं — पांढरंशुभ्र, टाक्यांच्या शेड्सच्याही वर! कारागीर काम टाकून बाहेर आले. आणि कुठूनसा वारा सुटला. धुळीचा, गरम. शीड भरलं. टिटवी ठोकळ्यांवर शहारली.
"भाभीजी, उड़ेगी क्या?" पवनजी हसत ओरडले.
मी डोळे मिटले. रेझिनचा वास गेला, ट्रकांचे हॉर्न गेले. डाव्या अंगाला मालवणचा किनारा आला, माडांची काळी रेघ. सुकाणू हातात जिवंत झालं. ओढत होती, हो, डावीकडेच! किती वेळ, कोण जाणे.
"उतरव! वीणा, शीड उतरव!"
अरुण. दोर बांधून कधीच खाली उतरलेला, चेहरा कागदासारखा. पक्क्या जमिनीवर उभा राहून!

१६ मार्च, रविवार
कानोत्याला गेलो, धरणावर. सहलीच्या लोकांनी गोवऱ्यांवर बाट्या लावलेल्या, सगळीकडे धूर. आम्ही लांब जाऊन बसलो. पाणी हलतसुद्धा नव्हतं, आभाळ त्यात नुसतं पडून होतं.
विचारलं, "काल पांढरा का पडलास?"
"भीती वाटली."
"जमिनीवर?"
"पाण्यावर तर रोजच वाटायची."
मला आधी कळलंच नाही. मग तो सावकाश बोलत गेला, पाण्याकडे बघत. पहिल्या दिवसापासून. नांगर टाकला तरी डोळा लागायचा नाही. लाटेनं उचललं की दोर मुठीत आवळून धरायचा. इतकी वर्षं!
"मग यायचास कशाला?"
"तू सुकाणूला बसलीस की एक वेगळीच बाई दिसायची. घरात ती कधी दिसली नाही. तिला बघायला यायचो."
"आणि ही शीळ?"
"झोप लागतेय गं आता," तो म्हणाला. लहान मुलासारखा हसला.

१९ मार्च
त्याच्याशी बोलत नाहीये. रागावलेय की काय झालंय, माझं मलाच कळत नाही. त्यानं पोहे केले. खाल्ले.

२२ मार्च
गेली.
ट्रेलरला पट्टे आवळले, डोलकाठी आडवी बांधली. मी तिच्या तळाला कपाळ टेकलं. ऊन लागून गरम झाला होता, ताप आलेल्या पोरासारखा. म्हटलं, जा. अरुणनं हात धरला, मी सोडवला नाही. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती. ट्रकांच्या मधून, उंटगाडीच्या पलीकडून, संथ, जशी खाडीतून बाहेर पडायची तशीच. मग गाद्यांनी भरलेला एक टेम्पो आड आला.
मागे वळले तर जमिनीवर बोटीच्या आकाराची जागा. तेवढीच स्वच्छ. पवनजी म्हणाले, "यहाँ अभी कुछ नहीं रखेंगे."

२ एप्रिल
संपदाचा फोटो आला. रत्नागिरीला टिटवी पाण्यात. बघितला, फोन पालथा ठेवला.

२९ जून
काही नाही. झोपते खूप.

१८ ऑक्टोबर
संपदाचा फोन. दिवाळीनंतर कारवारकडे निघताहेत. "काकू, मला कोस्ट माहीत नाही. तुम्ही याल? प्लीज."
म्हटलं, "नाही गं. ह्यांना सोडून मी कुठे —"
अरुणनं फोन हातातून काढून घेतला. "येतेय ती. पण सुकाणू तिच्याकडे देणार असाल, तरच!"
संध्याकाळी तिकीट काढलं. एकच.