हजेरीनंतर कोण गप्प बसतं

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुला इस्त्रीच्या कपड्यांत सापडेल, निळ्या कुर्त्याच्या बाहीत. बाही उलगडून बघणारी त्या घरात तू एकटीच, म्हणून इस्त्रीवाल्याला गाठून तिथं घातलं. न्हाणीघरात जा, नळ सोड आणि मग वाच. अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाल्यासारखं आहे, पण चौथीनंतर शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला, त्याला आता इलाज नाही. सावकाश लाव. वाचून झालं की कागद भिजवून चोळामोळा कर आणि नाल्यात सोड. एवढी चोरी कशासाठी, ते सांगते. आधी ऑफिसातली खबर ऐक.

आपल्या टॅक्सी ऑफिसात भूत शिरलंय, असं तुझा बाप म्हणत होता. सकाळी मी नेहमीसारखी टेबलाशी बसते, पायाखालचं बटण दाबते आणि वॉकीटॉकीवर सगळ्या गाड्यांना विचारते, उठलात का रे, की अजून लोळताय? एकेक जण आपला नंबर सांगतो. शेवटची गाडी बोलून झाली की खट्! कोणीतरी बटण दाबतं आणि बोलत काहीच नाही. नुसतं धरून ठेवतं. नव्या ड्रायव्हरला मी शिकवते ते तुला आठवत असेल, की टेकडीवरचा आपला रिपीटर म्हणजे चोंबडी शेजारीण. एकाचं ऐकायचं आणि तेच मोठ्या आवाजात अख्ख्या गावाला सांगायचं. पण तिला एका वेळी एकाचंच ऐकू येतं. एक जण बटण धरून बसला की बाकीच्यांनी कितीही घसा ताणला तरी उपयोग नाही. मागे एकदा दवाखान्यात जायची बाई रस्त्यावर ताटकळली, गाडी तिच्या दोन गल्ल्या पलीकडे उभी होती आणि मला ती पाठवता येईना. तुझ्या बापानं टेबलावर असा हात आपटला, की चहाचा कप माझ्या मांडीवर आला.

मिस्त्रीला बोलावलं. तोच, रेडिओ दुरुस्त करणारा, बोलताना नाकात पेचकस घातल्यासारखा आवाज येतो तो. आधी मला त्याचाच संशय. बिघाड झाला नाही तर मिस्त्रीचं पोट कसं भरायचं? टेकडीवर चढला, अँटेनाच्या केबलचा जोड उघडला, म्हणे पाणी शिरलंय. जोड सुकवून चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्. मग म्हणे बॅटरी. बॅटरी बदलली. खट्. तिसऱ्या खेपेला मात्र तो खाली उतरला तेव्हा चेहरा वेगळा होता. म्हणाला, आजी, पेटी ठणठणीत आहे. कोणीतरी बाहेरून दार वाजवतंय आणि त्याला आपली खूण ठाऊक आहे. खूण म्हणजे टोन गं. आपला प्रत्येक सेट बोलताना खालच्या सुरात गुणगुणतो, आपल्या कानाला ते कळत नाही, टेकडीवरच्या पेटीला कळतं, आणि ती गुणगुण ओळखीची असली तरच ती दार उघडते. म्हणजे हे परक्याचं काम नाही. सेट आपलाच.

आता आपला आणि भलत्या हातात असलेला सेट एकच. तुझ्या लग्नाच्या धामधुमीत आपल्या ड्रायव्हर लंबूच्या नावावरचा सेट चार्जरसकट गायब झाला होता. लंबू तेव्हाही शपथा घेत होता की मी तो टेबलावरच ठेवला. तुझा बाप म्हणाला, ताडमाड उंच माणसाची अक्कल गुडघ्यातून वर चढायला वेळ लागतो, कुठंतरी विसरला असेल. भूत आल्यावर मात्र म्हणायला लागला, की लंबूनं तो समोरच्या टॅक्सीवाल्या टकल्याला विकला आणि टकल्या आपला धंदा बसवायला बटण दाबतोय. ठरलं असं, की रविवारी सगळ्या गाड्या अंगणात उभ्या करायच्या, मिस्त्रीनं पेटीचा आणि प्रत्येक सेटचा टोन बदलायचा. हरवलेला सेट त्या क्षणापासून बहिरा आणि मुका. आणि सोमवारी लंबूला नारळ.

मला मात्र टकल्याचं पटेना. टकल्याला चोवीस तास खाज असते, तो फक्त सकाळी कशाला दाबेल? शिवाय मी एक गोष्ट हेरली होती, कोणाला बोलले नव्हते. ज्या सकाळी टेबलाशी तुझा बाप बसतो, त्या सकाळी भूत येत नाही. मीच असले तर येतं. माझ्यावर एवढं प्रेम करणारं भूत कोण? माझा नवरा तर जिवंतपणीसुद्धा सकाळी माझ्याशी बोलायचा नाही.

मिस्त्रीला मी एकटं गाठलं. त्यानं एक जादा सेट असा लावून दिला, की टेकडीचं न ऐकता तो बोलणाऱ्याचं थेट ऐकेल. टेकडीचं सगळीकडे सारखंच ऐकू येतं, पण थेट ऐकू यायचं तर जवळ जावं लागतं. लांब असलं की नुसती खरखर. जसजसं जवळ जावं तसतशी खरखर कमी होते, आणि अगदी शेजारी गेलं की एकदम शांत. म्हणजे शांतता जास्त तिथं चोर. आणि दिशा कळायला सेट छातीशी धरायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. आपलं अंग मध्ये आलं की खरखर वाढते, म्हणजे तो आपल्या पाठीमागे. तुझ्या बापाला सांगितलं डोळे तपासायला जाते, हजेरी वाटेतून घेते, आणि लंबूच्याच गाडीत बसले. ज्याच्यावर आळ, त्यालाच सारथी केलं. तो लबाड असता तर भलत्याच बाजूला फिरवलं असतं. एका कानात मी थेट सेटची तार घातली, वरून स्कार्फ बांधला, दुसऱ्या सेटवरून गाडीतूनच हजेरी घेतली. खट् झालं की गाडी थांबवायची, उतरायचं आणि भर रस्त्यात भिंगरीसारखं फिरायचं. तीन सकाळी डोळे तपासले मी. एका भाजीवाल्यानं लंबूला विचारलं, आजींना केव्हापासून होतंय हे? लंबू म्हणाला, जन्मापासून.

पहिल्या सकाळी नदीपलीकडे खरखर. दुसऱ्या सकाळी पुलाच्या अलीकडे जरा निवळली. तिसऱ्या सकाळी गाडी एका शिंप्याच्या दुकानाशी वळली आणि कानातली खरखर अशी बंद झाली, की मला वाटलं तार तुटली. समोर तीन मजली इमारत, हिरव्या खिडक्या. लंबूनं माझ्याकडे पाहिलं, मी लंबूकडे. तुझ्या लग्नानंतर तुला सोडायला तोच आला होता ना या दारात.

खरं सांगू? पहिला राग तुझाच आला. म्हटलं, कार्टी सेट घेऊन गेली आणि तिकडे बसून पोरखेळ करतेय. मग संशय आला तुझ्या नवऱ्याचा, त्यानंच घेतला असेल आणि टकल्याशी संधान बांधलं असेल. त्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. एवढं गोड बोलणारा माणूस एक तर विमा विकतो, नाही तर काहीतरी लपवतो, आणि तो विमा विकत नाही. मी फोन केला की नेहमी तोच उचलणार. ती अंघोळीला गेलीय. ती झोपलीय. अगं, दिवसातून किती वेळा अंघोळ करतेस तू? मासोळी आहेस का? आणि गेल्या महिन्यात तुझा मेसेज आला, आजी मी मजेत आहे, काळजी करू नये. तुझ्या बापानं तो सगळ्यांना वाचून दाखवला, किती नम्र झाली म्हणून. तू जन्मात मला आजी म्हणाली नाहीस. म्हातारे म्हणतेस. तो मेसेज तुझा नाही, एवढं चौथी नापास बाईलासुद्धा कळतं.

तर जिना चढले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, मी त्यांना दिल्या. तुझ्या दाराला बाहेरून कुलूप. मोठं, पितळी. मी तिथंच उभी राहून हळूच दुसऱ्या सेटवर म्हणाले, कोणी राहिलंय का? आणि कानात खट्, शांत. एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि तुझी नणंद बाहेर आली, हातात लाटणं असल्यासारखा फोन धरून. मी वाकले, दम लागल्याचं सोंग केलं, म्हटलं, नातीला भेटायला आले होते. ती म्हणाली, वहिनी तर सकाळीच बाहेर गेलीय, संध्याकाळपर्यंत येणार नाही.

भिंगरी, ते वाक्य मी दोन्ही कानांनी ऐकलं. एका कानात तिच्या तोंडातून, हवेतून आलं. दुसऱ्या कानात, तेच, तारेतून आलं. कुलूप लावलेल्या दाराच्या आतून. तू आत दाराला चिकटून उभी होतीस आणि माझा आवाज ऐकून तू बटण सोडलंच नाहीस.

आजवर मी खूप जणांचे खोटे बोल ऐकले, टॅक्सीचा धंदा आहे आपला, पण असा मुद्देमालासकट कधी नाही. मी तिच्याकडे पाणी मागितलं. बाईनं फुलपात्र दिलं, ते मी सगळं प्यायले, तिच्या मुलांची चौकशी केली, आणि जिना उतरले. तू आतून म्हणाली असशील, ही म्हातारी चालली कुठं? ऐक, कुलूप तोडायला मला लंबूची पहार पुरली असती. पण तिनं पाणी देता देताच फोन लावला होता. मी तिथं बोंब मारली असती तर लंबू पहार आणेपर्यंत तुझा नवरा येऊन हात जोडून उभा राहिला असता, तुझ्या बापाला फोन लावला असता, आणि तुझा बाप जावयाचं नाव निघालं की लोण्यासारखा वितळतो. मग माझी समजूत घालून मला घरी नेलं असतं. आणि तुला त्या माणसानं असं कुठंतरी नेऊन ठेवलं असतं, जिथं आपली टेकडी ऐकू येत नाही. म्हणून गप्प बसले. मला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे.

आता त्या रविवारचं. टोन बदलला की तुझा सेट म्हणजे साबणाची वडी. तो बदलू द्यायचा नव्हता आणि लंबूलाही घालवू द्यायचं नव्हतं, आणि खरं कारण तर बापाला सांगायचं नव्हतं. मग काय, शनिवारी मी सगळ्यांसमोर टेबलाखाली वाकले आणि ओरडले, अरे देवा, हे पायाचं बटण माझ्याच चपलेखाली अडकतंय! हजेरी घेऊन झाली की पाय उचलायचा राहतो, गाडीत असले की सेटवरचं बोट, हे बघा, खट्! तुझा बाप आधी बघतच राहिला. मग असा हसला, की मला त्याचं बालपण आठवलं आणि एक ठेवून द्यावीशी वाटली. तेव्हापासून ड्रायव्हर हवेवर विचारतात, आजी, पाय कुठाय? ज्यांच्या चुका मी आयुष्यभर काढल्या त्यांना आता फुकटची चंगळ. मिस्त्रीनं बटण तपासलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, हो, स्प्रिंग सैल आहे. स्प्रिंग कडक आहे, भिंगरी. त्या माणसावर मी उगाच संशय घेतला. टोन तोच राहिला. लंबू राहिला.

आता हे पत्र कशाला, ते. तू बोलत का नाहीस, हे मी विचारणार नाही. भिंती पातळ असतील, किंवा सगळ्या गाड्यांमध्ये आपलं दुःख वाजेल याची लाज वाटत असेल. बोलू नकोस. बुधवारी सकाळी मी गाडीतूनच हजेरी घेईन, आणि शेवटच्या गाडीनंतर विचारीन, कोणी राहिलंय का? तुला तिथं राहायचं असेल, तुझं तुला कळत असेल, तर दोनदा दाब. मी पुन्हा जिना चढणार नाही, पण टोन मी जिवंत असेपर्यंत हाच राहील. तुला यायचं असेल तर एकदाच दाब आणि लगेच सोड, बॅटरी वाचव. लंबू शिंप्याच्या दुकानाशी गाडीत असेल, मी मागच्या सीटवर पहार घेऊन, आणि बाकीच्या गाड्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना. बापाला तू घरी आल्यावर कळेल. आणि काहीच दाबलं नाहीस, तर हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती लागलं असं मी धरीन आणि तशीही येईन, माझा स्वभाव संशयी आहे हे त्यानंही लक्षात ठेवावं. सामान बांधू नकोस, बांधाबांध दिसते. बुधवारी तो कुलूप लावून गेला की फक्त चपला घालून बस.

तुझीच,
म्हातारी