पानं गळालेली झाडं आणि बाबा

२६ नोव्हेंबर
बाबा आजही एकटेच गेले! मफलर नाही, दम्याचा पंप नाही — गळ्यात फक्त प्रशांतचा कॅमेरा. धापा टाकत परतले. सासरे असले तरी रागवायचं मीच. प्रशांत गेल्यापासून घरात तिसरं आहे कोण? फोटो एकच. पानं गळालेली सावर, मागे वीज प्लांटच्या धुराने मळलेलं आभाळ.

२९ नोव्हेंबर
नागपूरहून आईचा फोन. पुन्हा धनंजयचं स्थळ. "किती ताटकळत ठेवशील त्याले? चांगला माणूस आहे." माहीत आहे! दोनदा भेटले. दोन्ही वेळा परतताना गाडीत आपसूक हसू येत होतं, आणि त्या हसण्याची लाज वाटत होती. पण बाबांना कुणाच्या भरवशावर टाकू? आईला सरळ नाही म्हणून टाकलं. बाबा बाहेरच्या खोलीत होते.

३ डिसेंबर
आज मीच हट्टाने सोबत गेले. हायवेपलीकडे शिरीष आहे. पानं नाहीत, वाळक्या शेंगा नुसत्या खुळखुळतात. बाबा जमिनीवर बसून, मान वर करून फोटो काढत होते. उठताना मी हात पुढे केला.

"राहू दे. मले जमते." आवाज चढाच. खोड धरून उठले. मी दुसरीकडे पाहिलं.

"अशी बोडकी झाडंच काहून काढता, बाबा?" — बोलले आणि जीभ चावली. माझ्यासारख्या बाईनेच हा शब्द वापरावा!

बाबा म्हणाले, "झाडाले असं म्हणू नाही." थोडं चालल्यावर — "कोणालेच म्हणू नाही."

५ डिसेंबर
बाबांनी स्वतः भात लावला. करपला. दोघांनी खाल्ला.

८ डिसेंबर
सकाळी बाबा दारात थांबले. "त्या दिवशी तू आईले नाही म्हटलं, मी ऐकलं. हे स्थळ आलं तेव्हापासून मी एकटा निघून राहिलो — मले एकट्याने जमते, हे तुले दिसावं म्हणून. फोटो निमित्त. मग आवडाले लागले, ते वेगळं."

"आणि आजारी पडलात तर?"

"तर तुले बोलावीन. येशील ना?"

ते दार ओढून गेले. मी आईला फोन लावला. हो म्हटलं.