नंबर नसलेली पट्टी

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची. नामपूर ते नाशिक एसटीत शेजारच्या बाईंनी कांद्याचे भाव, जावयाचा स्वभाव आणि स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं ऐकवलं, त्यामुळे रस्ता कधी सरला कळलंच नाही. देवळाली कॅम्पात उतरले तर थंडीने दात वाजत होते. घर मात्र छान आहे. बैठं, पुढे शेवंतीचे वाफे, मागे एक कामाची खोली आणि तिला लागून माझी.

घरमालक झुंबर आप्पा. वय सहासष्ट, लष्करात गाडी चालवायचे. त्यांच्या बायकोचं नाव नवसाबाई, मी मावशी म्हणायचं ठरवलं. आप्पांना लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं करायचा नाद. काचेच्या कपाटात अठरा गाड्या ओळीने उभ्या आहेत. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, चहा घेताना कपबशी वाजते. एकोणिसावी गाडी अर्धवट राहिली. ती पुरी करायला मला ठेवलंय.

सटाण्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी नऊ वर्षं भिंगाखाली कणीएवढे भाग जोडले. दुकान बंद पडलं तेव्हा आई म्हणाली होती की आता या हातांचं काय लोणचं घालायचं? आज तिला फोन करून सांगितलं की घातलं. ती हसली, मग लगेच विचारलं, "तू तठे एकलीच शेस का?" म्हटलं, मावशी आहेत की.

२ फेब्रुवारीला पाहुणे येणार, त्याआधी गाडी तयार हवी. वेळ भरपूर आहे.

८ जानेवारी, बुधवार

कामाला लागले. गाडी वीतभर लांब, साखळीपट्ट्यांवर चालणारी, पाण्यात तरंगणारीही. पुढे चालक, मागे जवान, आणि पाठीमागे दोन फळ्यांचं दार. आप्पा खरीच अशी गाडी चालवायचे. सांगाडा प्लॅस्टिकचा, पण नाजूक सगळं पितळेचं. आप्पांनी आठवणीने नकाशा काढला आणि अंबडच्या एका वर्कशॉपातून पत्रा ॲसिडने कोरून आणला. याला फोटो-एच म्हणतात. कागदाएवढ्या पातळ पत्र्यात एकशे बारा भाग. हँडलं, जाळ्या, फावडं बांधायचे पट्टे. प्रत्येकाशेजारी नंबर.

भाग फरशीच्या तुकड्यावर ठेवून पात्याने कापायचा, ज्योतीवर धरून मऊ करायचा, कोरलेल्या रेघेवर दुमडायचा, मग सुईच्या टोकाने गोंद. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

आज एकतीस नंबर चिमट्यातून टिक्‌ करून उडाला. मागच्या दाराचं हँडल. मी लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगत होते, तेव्हा आप्पा दारात उभे राहून हसले. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे नऊ वर्षं कारागिरी केलेल्या बाईला आठवू नये! फरशी झाडली, केस झाडले, सापडलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

एकतीस नंबर सापडला. दारावर, नेमक्या जागी, नीट बसवलेला. गोंदाचा टिपूसही बाहेर आलेला नाही, मला इतकं सफाईदार जमलं नसतं.

मी आप्पांना चिडवलं की हात थरथरायचं सोंग करता आणि चोरून काम करता. ते हसले नाहीत. हातातला कप बशीत ठेवला आणि म्हणाले की शनिवारी ते खोलीत पाऊल टाकत नाहीत. असेल काही जुना नेम. म्हाताऱ्या माणसांचे शंभर नेम असतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कळवणहून लताबाई आल्या. साठीच्या, हातावर शेतीचे घट्टे, तोंडात साखर. पिशवीभर मटार आणि तीळगूळ घेऊन आल्या.

त्यांच्याकडून आज सगळं कळलं. त्यांचा थोरला भाऊ कोंडाजी आप्पांच्याच गाडीत होता. १९८५ साली, २ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, राजस्थानकडे सरावात कालवा ओलांडताना गाडी बुडाली. मागे बसलेले तिघे गेले. छतावर सामान बांधलेलं म्हणून वरचं झाकण उघडेना, मागचं दार जाम झालेलं. पुढच्या झाकणातून आप्पा एकटे निघाले, आणि दार उघडायला त्यांनी तीनदा बुडी मारली म्हणतात. तेव्हापासून लताबाई दर वर्षी आप्पांना राखी बांधतात आणि २ फेब्रुवारीला इथे येऊन जेवतात. भावाच्या जागी भाऊ मिळाला, म्हणाल्या.

हे मॉडेल त्यांच्यासाठी आहे. कळवणला घरी, कोंडाजीच्या फोटोखाली ठेवणार आहेत. मला भरून आलं. आप्पा सगळा वेळ खाली मान घालून तीळगुळाचा तुकडा बोटांत फिरवत होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच हसू येईल.

दाराचं हँडल आडवं म्हणजे बंद, उभं म्हणजे उघडं. नकाशात आडवं आहे. काल सकाळी बघितलं तर उभं. मी आडवं केलं, गोंद लावला, वाळल्यावर नखाने दाबून पाहिलं. आज पुन्हा उभं. गोंद तुटलेला नाही. जणू तसंच वाळवलं होतं.

आणि फरशीवर गाडीखाली पाणी. चमचाभर, गढूळ. वर छत कोरडं, नळ खोलीच्या बाहेर. मावशींना विचारलं तर त्यांनी फडकं आणून पुसलं आणि बाहेर जाऊन ते पिळलं.

२० जानेवारी, सोमवार

आवाज येतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. आधी वाटलं पाल असेल. मग कान लावला. गाडीच्या आतून येतो, कुणी नखाने प्लॅस्टिक वाजवावं तसा. तीन ठोके, थोडं थांबून परत तीन. पाच-सहा मिनिटं चालतो आणि मंद होत बंद पडतो. बंद पडतो तेच मला ऐकवत नाही.

आप्पांना सांगितलं. त्यांनी खोटं ठरवलं नाही, घाबरट म्हटलं नाही. एवढंच विचारलं की हँडल पूर्ण फिरतं का. म्हटलं, फिरतं, पण दार उघडत नाही. ते उठून बाहेर वाफ्यात जाऊन बसले.

मला भीती वाटते आहे. दिवसाढवळ्या, खिडकीत ऊन असताना.

आणि डोक्यात एक किडा वळवळतोय. हँडल फिरतं, तर दार जाम कसं?

२३ जानेवारी, गुरुवार

पत्र्यावरचे सगळे भाग संपले. कोपऱ्यात एकच उरलाय. केसाएवढी बारीक पट्टी, शेजारी नंबर नाही, नकाशात नाही. अंबडला फोन केला. तिथल्या राकेश नावाच्या माणसाने फाइल उघडून सांगितलं की ती पट्टी आप्पांनी स्वतः पेन्सिलने काढलेली आहे, चूक नाही.

मग ती कुठे लागते ते मी शोधलं. कामाची खोड, दुसरं काय. गाडीवर सगळीकडे धरून पाहिली. एकाच ठिकाणी बसते. मागच्या दाराच्या दोन हँडलांभोवती, पीळ देऊन, बाहेरून.

आप्पांना दाखवली तर चेहरा पांढरा पडला. फेकून दे म्हणाले. फेकली, केराच्या डब्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत.

२४ जानेवारी, शुक्रवार

पट्टी दारावर आहे. पीळ दिलेली. मी दिलेली नाही.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी आप्पा झेंडावंदनाला गेले, कोटावर पदकं लावून. लोकांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं म्हणे. परत आले ते कोटासकट कामाच्या खोलीत आले, गाडीसमोर बसले आणि बोलले. शब्द तसेच लिहिते.

"दार लय वाजायचं. साहेबांनी दोनदा झापलं. मग मीच दोन्ही कड्यांना तार पिळली. आम्ही समदेच पिळायचो."

नदी-कालव्याआधी तार सोडायची असते. त्या दिवशी विसरले. वर आल्यावर आठवलं. पक्कड पुढच्या खणात, पाण्याखाली. ते काठावर बसून राहिले. एकदाही बुडी मारली नाही. ठोके ऐकू येत होते. गाडी बाहेर काढताना गर्दीत तार त्यांनीच तोडली आणि खिशात टाकली, आणि दार जाम होतं असं सांगितलं.

 पंचविशीतला पोरगा, घाबरला असेल. ते रडत होते. म्हणाले, तार काप, लताला कळू देऊ नको, ती मला भाऊ म्हणते. मला दया आली. मी हो म्हटलं. आज लिहिताना वाटतंय, मी हो म्हणायला नको होतं.

२९ जानेवारी, बुधवार

चार वेळा कापली. चार वेळा परत आली. दर वेळी जाड. काल पातं घसरून अंगठ्यात गेलं, टाके पडले.

पाणी आता चमचाभर नाही. दुपारी टेबलावरून ओघळतं. गाळाचा वास येतो. मावशी बादली लावतात. त्यांना सगळं माहीत आहे, चाळीस वर्षांपासून. विचारलं तर म्हणाल्या, संसार करायचा होता गं मला.

३० जानेवारी, गुरुवार

बॅग भरली. फाटकापर्यंत गेले. मागून मावशींनी हाक मारली, लताबाईंचा फोन होता, माझ्याशीच बोलायचं होतं त्यांना. कोंडाजीची शेवटची पत्रं घेऊन येतेय, म्हणाल्या. गाडी अगदी तशीच झालीय ना, म्हणाल्या.

हो म्हटलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

बॅग परत ठेवली.

१ फेब्रुवारी, शनिवार

आप्पांना स्पष्ट सांगितलं. ते ठोके तार कापा म्हणून नाहीत. कितीही कापली तरी परत येणार — ती कुणी बांधली ते तुमच्या तोंडून ऐकायचंय त्यांना, बस. उद्या तुम्ही सांगा, नाहीतर जेवताना मी सांगते.

 मग म्हणाले, मीच सांगतो. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता.

चार-दहा. आज ठोके आले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यासारखी खोली गप्प.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपार. लताबाई आल्या. बाहेर ताटं मांडताहेत. आप्पा म्हणाले, गाडी घेऊन ये, सगळ्यांसमोर बोलतो. मी आत आले.

मागे दार लागलं. मग बाहेरून आवाज. पक्कड आणि तार. एक पीळ, दोन, तीन — एकसारखे. आप्पांचा हात जराही थरथरत नव्हता.

हाक मारली. पावलं लांब गेली.

—

खिडकीला गज. फोन स्वयंपाकघरात, हातात फक्त ही वही.

गाडीतून पाणी येतंय. ओघळ नाही, धार. घोट्याच्या वर.

—

चार-दहा. ठोके. गाडीतून नाही — खोलीच्या भिंतींतून. तिन्ही भिंतींतून.

मीपण दार वाजवतेय. त्यांच्याबरोबरच वाजतंय, एका तालात —

—

टेबलावर उभी आहे. पाणी टेबलाला लागलं. थंड. गाळ.

बाहेर लताबाई विचारताहेत, पोरगी कुठाय. आप्पा सांगताहेत, दार जाम झालंय, सुताराला बोलावलंय. तोच आवाज, शांत — चाळीस वर्षं सांगतायत तसा —

मी ओरडले, लताबाई, बाहेरून बघा, कडीला बघा —

पावलं. त्यांचा हात दारावर. कडी हलली. थांबली.

"झुंबरदादा, ही तार कुणी पिळली?"

ठोके बंद. सगळे एकदम. ऐकताहेत.

आप्पा बोलत नाहीत. पाणी गुडघ्याला —

लताबाई परत विचारताहेत. मावशी रडताहेत. पक्कड आप्पांच्याच हातात असणार, त्यांच्याच —

आप्पा, सांगा. एकदा सांगा ना —