निळा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार
आशूचं रक्त आलं एकदाचं. सतरा वर्षांची भाची, पण नाकातून रक्त सुरू झालं की अर्धा अर्धा तास थांबत नाही, आणि पाळीचे ते आठ दिवस तर काढवत नाहीत तिला. तरी कबड्डी चालूच. वर्षभर अक्काच्या मागे लागले होते, तपासू या. "पोरींना असतंय की गं हे." असतंय म्हणे. रक्त गोठण्याच्या तपासण्या करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली आणि सख्खी बहीण मला हे सांगते.

दवाखाना व्हाइटफील्डला त्यांच्या घराजवळचाच. तिथे काढलं, दाजी घेऊन आले. पहाटेचं दूध वाटून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मल्लेश्वरमला आमच्या लॅबात पोचायला दोन तास. खिडकीवर नमुने घ्यायला शिवण्णा. त्याचा एकच शब्द, आगल्ला. नाव नीट लिहिलं नाही? आगल्ला, होणार नाही. नळी कमी भरली? आगल्ला. दाजींना त्याच्यासमोर रांगेत उभं करणं जिवावर आलं. मागच्या दारानं बोलावलं. रुमालात गुंडाळलेली नळी त्यांनी प्रसादासारखी दोन्ही हातांनी दिली. गार लागली. कॅबमधला एसी असणार.

४ फेब्रु., मंगळ.
विलेब्रँड ११. आठवा घटक १४. पुन्हा लावलं. तेच.

रक्त गोठवणारे घटक, पन्नासच्या वर हवेत दोन्ही.

दरवर्षी नव्या मुलींना शिकवते, आठवा एकटा प्लाझ्मात टिकत नाही. विलेब्रँड त्याचं बोट धरून फिरतो. बोट सुटलं की काही तासांत आठव्याचे तुकडे. मुली हसतात, लक्षात ठेवतात. आज मला हसू आलं नाही. रिपोर्टवर सही केली. अक्काला फोन केला. तिच्या मागे कुकरची शिट्टी होत राहिली.

६ फेब्रु., गुरु.
कबड्डीच्या सरांनी रिपोर्ट वाचला. मॅटवर पाऊल ठेवायचं नाही. राज्याचं निवड शिबिर २३ला. दोन वर्षं त्यासाठी पहाटे उठतेय पोरगी.

आशूचा फोन.
"मावशी, सही तुझी आहे?"
"हो."
"मग खरंच असणार."
आणि ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रु., शुक्र.
आमच्या लॅबच्या मोठ्या डॉक्टर, कामत मॅडम, त्यांना रिपोर्ट दाखवला. चष्मा कपाळावर नेऊन म्हणाल्या, "अकरावाली मुलगी दोन वर्षं कबड्डी खेळली? तिचे गुडघे पाहिलेस का कधी? सुजून काळेनिळे झाले असते." मला राग आला. मशीन ठीक, कंट्रोल ठीक, मी ठीक.
"आणि नमुना?"
"नमुना घरचा होता मॅडम."
हे काही उत्तर झालं का? आत्ता लिहिताना कळतंय.

८ फेब्रु., शनि.
दुपारी दाजींचा फोन. आवाज पडलेला, पण काम होतं.
"तुमच्या वॉचमनजवळ माझा निळा डबा राहिलाय बघ. बर्फाचा. दह्याला लागतोय."
"कसला बर्फ, दाजी?"
"आशूच्या रक्ताला की. वाटेत हेब्बाळला नवीन बर्फ घालून घेतलोय. लई जपून आणलोय."

जिन्यातच बसले.

वेगळा काढलेला प्लाझ्मा आम्ही गोठवतो. पण अख्खं रक्त बर्फात ठेवलं की विलेब्रँड प्लेटलेटना चिकटतो. नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की त्यांच्याबरोबर तळाला. वरचा प्लाझ्मा मी मोजला, त्यात विलेब्रँड नाही आणि त्याचं बोट धरलेला आठवाही नाही. आशूच्या अंगात असेलही. माझ्या नळीत तो खाली बसला होता आणि मी वर शोधत होते.

शिवण्णानं नळी नुसती मुठीत धरली असती आणि म्हणाला असता, आगल्ला. त्यासाठीच तो तिथे बसतो. आणि मी दाजींना मागच्या दारानं घेतलं.

एकोणीस वर्षं! लाज वाटते.

९ फेब्रु., रवि.
व्हाइटफील्डला गेले. डबा घेऊन. मेट्रोत मांडीवर निळा डबा, लोकांना वाटलं मासे आहेत.

दाजींना सांगितलं. ते बराच वेळ डब्याचं झाकण पुसत राहिले. मग, "म्हणजे मी नासवलो म्हण की." दूध आणि बर्फ यात बत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला काय सांगायचं, की तुमच्या जपण्यानंच? म्हटलं, "बर्फ तुम्ही घातलात, दाजी. दार मी उघडलं. खिडकीवरनं आला असता तर नमुना तिथनंच परत गेला असता. चूक माझीच आहे."
अक्का आधी हसली, मग रडली. "तुझी सही बघून तीन दिवस नीट जेवली नाही मी. परत सही करताना स्वल्प, थोडं बघून कर."
आशूनं चपला घातल्या. मला मेट्रोपर्यंत सोडायला आली, आणि रस्ताभर दगड लाथाडत होती. मला ते फार आवडलं.

१० फेब्रु., सोम.
मॅडमना सगळं सांगितलं. रिपोर्ट रद्द. चूक-नोंदीच्या कागदावर 'नमुना कोणी स्वीकारला' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पेन चालेना, दुसरं घेतलं.

शिवण्णाला कळलंच होतं. वाटलं आता ऐकवेल. चहाचा कप पुढे सरकवत एवढंच म्हणाला, "इदु हालल्ल, अक्का." हे दूध नव्हे. बाकी काही नाही. चहा बरा होता.

१२ फेब्रु., बुध.
आशू स्वतः आली. इथेच रक्त काढलं, लगेच लावलं.
विलेब्रँड ५४!! आठवा ७१.
मी रेफ्रिजरेटरला मिठी मारली. नवी मुलगी बघत राहिली, बघू दे.

संध्याकाळी.
मॅडमनी माझ्या आनंदावर पाणी ओतलं. "आली कशी?" सरावावरून थेट, उशीर झाला म्हणून संपिगे रोड स्टेशनपासून पळत, आमचे तीन मजले दोन-दोन पायऱ्या टाकत. आली की मी तिला लगेच खुर्चीत बसवून सुई टोचली. पळालं, घाबरलं की विलेब्रँड वाढतो. हे कोण शिकवतं मुलींना? मी.
म्हणजे बर्फात तळाला गेला आणि जिन्यात वर चढला. खरा किती, अजून माहीत नाही. रक्तगट ओ, म्हणजे तसाही थोडा खालचाच असणार. पण अकरा नाही. अकरा तर नक्कीच नाही!

मॅडम: "तीस-चाळीस निघाला तरी मी तिला घरी बसवणार नाही. रक्त थांबवायच्या गोळ्या जवळ ठेवायच्या, काय करायचं ते सरांना समजावायचं, खेळायचं. पण तिला खेळू द्या असं सरांना पत्र देईन ते स्वच्छ नमुन्यावरच. तिला शांत बसवून आण."
आशूला शांत बसवून. बरं.

१८ फेब्रु., मंगळ.
आशूला ताप. नमुना पुढे ढकलला, तापातही वाढतो तो. शिबिराला पाच दिवस. अक्कानं देवाला काही बोलून ठेवलंय, मला सांगत नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
कालपासून ताप नाही. मॅडम म्हणाल्या, चालेल. दोघं कॅबनं आली, लिफ्टनं वर. दाजी रिकाम्या हातानं, हात खिशात घालून उभे.

वीस मिनिटं बसायचं. आशूचा गुडघा वर-खाली, वर-खाली. मी हात ठेवला, तर दुसरा सुरू.
"पाय हलवू नकोस."
"मी नाही हलवत, तो हलतोय."
शेवटी डोळे मिटून मनात डाव खेळत बसली. कोणाला बाद केलं विचारलं, तर म्हणाली, "तुला."

नळी घेऊन मी पुढून गेले. खिडकी. माझ्यापुढे चार जण. शिवण्णानं मला ओळख दाखवली नाही. नळी मुठीत धरली. उजेडात धरली, रेघेपर्यंत भरलीय का पाहिलं. नाव विचारलं, वय विचारलं, काढल्याची वेळ विचारली. मी दाजींकडे पाहिलं, ते श्वास रोखून उभे होते.
"सरी," शिवण्णा म्हणाला. ठीक आहे.
एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द इतका गोड कधी लागला नव्हता.

मशीनवर मी नाही, मीच नको म्हटलं. निकाल उद्या सकाळी. पत्र मिळालं तर उद्याच सरांकडे, परवा शिबिर.

जाताना लिफ्टमधून आशू: "उद्या सही तू करणार?"
"नाही. मॅडम."
"मग तू काय करणार?"
"बसून राहणार."
"मग नीट बस. पाय हलवू नकोस."

जे. पी. नगरला घरी पोचून चहा घेतला, आता सव्वासात. हलतोय.